रिकाम्या ओळीचे अकरा दिवस

मोशी,
२८ सप्टेंबर २०२५

ती. भीमराजमामांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून आईला हायसं वाटलं, आणि चौथ्याच दिवशी तुम्ही वॉकर घेऊन समुद्र बघायला गच्चीवर चढलात हे वाचून तिनं कपाळाला हात लावला. तुम्ही तिचे धाकटे भाऊ असता तर दोन धपाटे मिळाले असते, असा तिचा निरोप आहे. मामींनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं ते फार बरं केलं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं घालता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

चिखलीत युनूसभाईंचं पितळी पाट्या कोरायचं वर्कशॉप आहे. चाकणच्या आमच्या कंपनीतल्या मशीनवरच्या पाट्या तेच करून देतात आणि त्या तपासून घेणं माझ्याकडे असतं. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे वेगळंच काम आलं. निगडीच्या काही माजी नौसैनिकांनी एक मंडळ केलंय, त्यांना मोठा फलक हवाय. समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटींचा एक ताफा होता, तो कसा उभा राहिला याच्या चार ओळी वर, आणि खाली पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या कमांडरांची नावं, तारखांसकट. नौदल दिनाला, म्हणजे चार डिसेंबरला, तो मंडळाच्या हॉलमध्ये लागणार आहे.

मामा, ताफ्याचा नंबर वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. तुमचाच ताफा! मी युनूसभाईंना फुशारकीनं सांगितलं की माझे मामा ह्याच बोटींवर सिग्नलमन होते. त्यांनी लगेच यादी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ताई, मग हा माल तुम्हीच पास करायचा.

पण वरच्या चार ओळी इतक्या कोरड्या आहेत की टेंडरची जाहिरात वाटावी. लहानपणी तुम्ही सुट्टीवर आलात की आम्हाला मासे आणि लाटांचं सांगायचात, ताफ्याचं कधीच नाही. तो सुरू कसा झाला ते जरा लिहा. आईचा जयभीम. मामींना सांगा, कुलूप काढू नका.

भाचीवर आहे तेवढीच माया ठेवा, जास्त मागत नाही.
तुमची आम्रपाली


विशाखापट्टणम,
९ ऑक्टोबर २०२५

चि. आम्रपालीस,
भीमराजमामाचे अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या आईला सांग, धाकटा नसलो तरी मी तिचे धपाटे खाल्लेले आहेत, पाटीवर दूध सांडलं होतं तेव्हा. गुडघा बरा आहे. गच्चीची दुसरी किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे, हे मात्र मामीला कळवू नकोस.

आमचा ताफा १९६९ साली उभा राहिला. ताफा म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या तोफांची जहाजं येतील. तसं काही नव्हतं. चार छोट्या बोटी, आणि त्याही लाकडी. लोखंड जवळ आलं की फुटणारे सुरुंग असतात, म्हणून ते काढायला जाणारी बोट लाकडाची. मोठ्या जहाजांवरची पोरं आम्हाला सुतारपेठ म्हणून चिडवायची. पण बंदरातून बाहेर पडताना तीच मोठी जहाजं आमच्या मागून यायची, कारण पुढची वाट साफ आहे की नाही हे आधी आम्ही बघायचो.

पहिले कमांडर कुरियन. चार बोटींपैकी दोन गळक्या, माणसं निम्मी, आणि राहायला बंदराच्या टोकाला एक पत्र्याची शेड. त्या माणसानं शेडबाहेर स्वतः खुर्ची टाकून दोन महिने एकेक खलाशी निवडला. पोहता येतं का हे ते विचारत नसत, तू झोपलेला असताना शेजारच्याला तुझा भरवसा वाटेल का, एवढंच विचारत. तीच त्यांची परीक्षा. त्यांच्यानंतर आलेला प्रत्येक कमांडर तोच प्रश्न विचारत गेला. २०१२ मध्ये बोटी मोडीत निघेपर्यंत बावीस कमांडर झाले, मी त्यातल्या सहांच्या हाताखाली काम केलं. वाईट म्हणावा असा एकही सापडला नाही, आणि मी किती तिरसट आहे हे तुला ठाऊक आहे.

कमांडरांच्या नावांची एक सागवानी फळी होती. बोटी मोडल्यावर ती गोदामात पडली आणि वाळवीनं खाल्ली. कुणीतरी आधीच नावं कागदावर उतरवून घेतली होती, तुमच्याकडची यादी त्यावरूनच केलेली असणार. त्या फळीची एक खास गोष्ट आहे, पण ती अशी घाईत लिहिण्यातली नाही. पुढच्या पत्रात निवांत लिहितो. फलक कोरायला दिवाळी तरी उलटेलच.

जिथे आहात तिथे सुखात राहा आणि म्हाताऱ्याला उत्तर पाठवत जा.
भीमराजमामा


मोशी,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कुरियनसाहेबांचा प्रश्न वाचल्यापासून मी आमच्या सेक्शनमधल्या एकेकाकडे बघून मनात तोच विचारते. चौघं पास झाले, नावं सांगत नाही.

तुमच्या पत्रावरून वरच्या ओळी मी नव्यानं लिहिल्या. मंडळाचे अध्यक्ष जयदीपराव म्हणाले की ताई, वाचून छाती फुगली. आणि मामा, फलक तयारसुद्धा झाला! दिवाळीच्या सुट्टीनंतर युनूसभाईंकडे कंपन्यांच्या ऑर्डरी तुंबणार होत्या, म्हणून त्यांनी सुट्टीतच हे काम हातावेगळं केलं. शिसवी रंगाची लाकडी पाठ, त्यावर बावीस पितळी पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक नाव. बघत राहावं असं काम आहे.

तुमच्या भाचीनं त्यात एक चूक पकडली, तेवढी शाबासकी द्या. यादीत चौथे कमांडर ओबेरॉय यांची शेवटची तारीख ९ नोव्हेंबर १९७६ होती आणि पाचवे कमांडर रंगनाथन यांची पहिली तारीख २० नोव्हेंबर. बाकी सगळीकडे एक गेला त्याच दिवशी दुसरा आला, इथंच अकरा दिवसांचं भगदाड. शिवाय त्या दोन नावांमध्ये टाइप करणाऱ्यानं एक ओळ मोकळी सोडलेली. आमच्याकडे पुढच्या शिफ्टचा माणूस मशीनपाशी येऊन रजिस्टरवर सही करेपर्यंत आधीचा जागेवरून हलत नाही. साधं प्रेस मशीन आम्ही पाच मिनिटं बेवारशी सोडत नाही, मग चार बोटी अकरा दिवस कोण सोडेल? टायपिंगची चूक, दुसरं काय. मी ओबेरॉयसाहेबांची तारीख २० केली, मोकळी ओळ काढली आणि युनूसभाईंना पास म्हणून सांगितलं.

फोटो काढून छापून सोबत पाठवते आहे. आता ती फळीची गोष्ट येऊ द्या. आईनं चिवडा पाठवलाय, डबा परत पाठवायचा नाही.

तुमचा हात पाठीवर असू द्या.
आम्रपाली


विशाखापट्टणम,
३ नोव्हेंबर २०२५
स्पीड पोस्ट

चि. आम्रपालीस,
अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

फोटो पाहिला. काम सुंदर आहे आणि फलक चुकला आहे. चूक तुझी नाही, माझी आहे. गोष्ट निवांत लिहीन म्हणालो तिथेच मी चुकलो. आता बसून सगळं लिहितो, तू दोनदा वाच.

१९७६ च्या नोव्हेंबरात आम्ही चारही बोटी मुंबईहून कोचीला नेत होतो. नऊ तारखेला ओबेरॉयसाहेब पोटाच्या कळांनी आडवे झाले. त्यांना कारवारला उतरवलं, ते वाचले, पण ताफ्यावर परत आले नाहीत. त्यांच्या खालोखाल होते लेफ्टनंट अनिस मुकादम, वय एकोणतीस. ताफा त्यांच्या हातात आला. मी बावीस वर्षांचा, सिग्नलचा दिवा घेऊन त्यांच्या शेजारी उभा.

दोनच दिवसांत वादळानं गाठलं. तिसऱ्या बोटीचं इंजिन बंद पडलं, तिच्यावर एकतीस माणसं. मुकादमसाहेबांनी आमच्या बोटीवरून तिला दोर बांधला आणि ओढत न्यायचं ठरवलं. लाकडी बोटीनं लाकडी बोट ओढायची, तीही तशा समुद्रात. दोर दोनदा तुटला. तिसऱ्यांदा बांधताना सोलापूरकडचा किसन नावाचा खलाशी मागच्या टोकाला होता, दोराच्या विळख्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. साहेबांनी स्वतः त्याचा हात बांधला, पुन्हा येऊन उभे राहिले आणि मला पुढचा सिग्नल सांगितला. आवाज जरासुद्धा हलला नाही. वादळ सरल्यावर एका खाडीत इंजिन दुरुस्त केलं आणि वीस तारखेला चारही बोटी कोचीच्या धक्क्याला लावल्या, एकूण एक माणूस जिवंत. मी नंतर तीस वर्षं समुद्रावर काढली, असा माणूस पुन्हा पाहिला नाही.

धक्क्यावर रंगनाथनसाहेब ताफा घ्यायला उभेच होते. मुकादमसाहेबांनी ताफा त्यांच्या हवाली केला आणि आपणहून जमिनीवरची नेमणूक मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ते गेले. आमची त्यानंतर भेट नाही. मी दोन पत्रं पाठवली, पत्ता बदलला म्हणून परत आली.

फळीवर नाव फक्त नेमलेल्या कमांडरचं लागायचं, तात्पुरत्या माणसाचं नाही. रीत होती, तक्रार नाही. पण जानेवारीत सुतार फळीवर रंगनाथनसाहेबांचं नाव लिहायला बसला तेव्हा किसन दवाखान्यातून सुटून आला होता. हाताला पट्टी तशीच. त्यानं सुताराला सांगितलं, मधली एक ओळ सोड. सुतार म्हणाला, तिथं काय लिहू? किसन म्हणाला, काही लिहू नकोस, बघणारा विचारेल आणि आम्ही सांगू.

पहिल्यांदा विचारलं ते रंगनाथनसाहेबांनी. किसननं सगळं सांगितलं. साहेबांनी टोपी काढली, फळीसमोर काही वेळ उभे राहिले आणि हुकूम दिला की ही ओळ अशीच राहील. तेव्हापासून शिरस्ता पडला. नवा कमांडर आला की पहिल्या दिवशी फळीसमोर उभा राहणार, आणि ताफ्यातला सर्वांत जुना खलाशी त्याला रिकाम्या ओळीची गोष्ट सांगणार. त्यानंतरच ताफा त्याचा. किसननं सांगितली, पुढे मी सांगितली, माझ्यानंतर आणखी कुणीकुणी. अठरा कमांडर झाले, अठरा वेळा सांगितली गेली.

आम्रपाली, ती ओळ म्हणजेच त्यांचं नाव आहे. किसनला जाऊन पंधरा वर्षं झाली. फोटोसोबत आलेल्या मंडळाच्या पत्रकात वाचलं की मुकादमसाहेब निगडीलाच, प्राधिकरणात, मुलीकडे राहतात. त्यांच्या गावात तो फलक लागणार आणि त्यावर ती ओळ बुजलेली असणार, हे मला सोसवणार नाही. गुडघा असा आहे, मी येऊ शकत नाही. जे करायचं ते तुला करावं लागेल.

तुझ्यावरचा विश्वास होता तितकाच आहे.
भीमराजमामा


मोशी,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
आम्रपालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र कंपनीच्या बसमध्ये उघडलं आणि चाकण चौकात उतरायचं विसरले. रडू आलं ते तुमच्या साहेबांसाठी की माझ्या शहाणपणासाठी, ते अजून कळलं नाही. जी ओळ अठरा कमांडरांनी जपली ती मी बसल्या जागी पुसून टाकली, आणि वर शाबासकी मागितली.

दुसऱ्या दिवशी चिखलीला गेले. आमच्याकडे बाद मालाला लाल चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर चूक कुणाची ते लिहितात. मी फलकाला लाल चिठ्ठी बांधली आणि माझं नाव लिहिलं. युनूसभाईंनी आधी चिठ्ठी वाचली, मग तुमचं पत्र. वाचून झाल्यावर त्यांनी फलक उलटा करून पाहिला. मग म्हणाले की पाठीला बावीस पट्ट्यांचीच भोकं पाडलीत, जागा सरकवता येणार नाही, पाठ नवीन लागेल आणि ओबेरॉयसाहेबांची पट्टीही. ते करून देतात, पण मंडळाचा होकार आणा.

होकार आणायला तीन फेऱ्या झाल्या. जयदीपराव माणूस चांगला, पण नौदलात असताना ते शेवटपर्यंत दुसऱ्याच बंदरावर होते, ही गोष्ट त्यांच्या कानावर आलेली नव्हती. पत्रिका छापून झाल्यात, मधेच मोकळी जागा दिसली तर पाहुणे विचारतील की काय गळलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, विचारावं म्हणूनच ती जागा आहे. पटेना. शेवटी मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ताफ्यावर काम केलेल्या तिघांना फोन लावले, आणि तिघांनीही पहिलं हेच विचारलं की रिकामी ओळ ठेवलीय ना. फोन ठेवल्यावर जयदीपराव म्हणाले, ताई, नवा करा. बाराव्या मिनिटाला मी युनूसभाईंकडे होते.

नवी पाठ लागली. युनूसभाईंना मोकळ्या जागेत बारीक नक्षी टाकायची होती, मी नको म्हटलं. चौथ्या आणि पाचव्या पट्टीमध्ये एका पट्टीएवढं नुसतं लाकूड आहे. ओबेरॉयसाहेबांची तारीख पुन्हा ९ झाली.

आता काळजीचं. निगडीला मुकादमसाहेबांच्या घरी जाऊन आले. त्यांची मुलगी नबीलाताई फार चांगल्या आहेत, सरबताशिवाय उठू दिलं नाही. साहेब उंच, जरा वाकलेले, नजर अधू. फलकाचं निमंत्रण ऐकलं आणि नम्रपणे नाही म्हणाले. मंडळातले लोक दरवर्षी बोलावतात, ते कधीच जात नाहीत. दारापर्यंत सोडायला आल्यावर नबीलाताईंनी सांगितलं की अब्बा समुद्राचं नाव काढत नाहीत, बोटीवर असतानाचा एक फोटोसुद्धा घरात नाही. मी फलकात काय आहे ते काहीच बोलले नाही. ती गोष्ट जुन्या खलाशानं सांगायची असते, आणि तुम्ही तिथे नाही आहात, म्हणून तुमचं पत्रच मी त्या दिवशी वाचायचं असं जयदीपरावांनी ठरवलंय. मी उद्या पुन्हा जाणार आहे. ऐकलं नाही तर परवाही जाईन.

माझा राग आला असेल तर चार ओळी रागाच्याच लिहा, पण लिहा.
तुमची आम्रपाली


निगडी प्राधिकरण,
६ डिसेंबर २०२५

प्रिय भीमराज यांस,
अनिस मुकादमचा सलाम आणि स. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या. दिसत कमी असलं तरी हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तुमच्या भाचीनं माझ्या घराच्या चार खेपा केल्या. शेवटी म्हणाली की पंधरा मिनिटं बसा, आवडलं नाही तर मी स्वतः घरी सोडते. अशी चिकाटी मी फक्त आपल्या बोटींवरच्या माणसांत पाहिली होती. नबीलानं कोट काढून ठेवला आणि मी गेलो. मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो.

पडदा बाजूला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं की मध्ये एक पट्टी पडली आहे का. तुमची भाची उभी राहिली आणि म्हणाली, ह्याचं उत्तर सर्वांत जुना खलाशी देतो, आणि तिनं तुमचं पत्र वाचायला घेतलं. आवाज आधी कापत होता, मग स्थिर झाला. माझं नाव आलं तेव्हा मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

भीमराज, मी वीस तारखेला ताफा सोपवला आणि दुसऱ्या दिवशी निघालो. ती फळी मी कधी पाहिलीच नाही. जमिनीवरची नेमणूक मागितली ती किसनच्या हातासाठी. तिसऱ्यांदा दोर बांध हा हुकूम माझा होता. तुम्हा सगळ्यांच्या नजरेत मला ती तीन बोटं दिसली असती, असं मी धरून चाललो. कधी कुणाला भेटलो नाही. मंडळाची पत्रं आली की आत ठेवून द्यायचो. एकोणपन्नास वर्षं मी असं मानत होतो की त्या ताफ्यात माझं नाव घेतलं जात असेल तर ते शिव्या द्यायला. ओळ सोड म्हणणारा किसनच होता, हे वाचलं गेलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो.

तुमच्या गोष्टीत एक दुरुस्ती आहे. माझा आवाज हलला नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मी फार घाबरलो होतो. पण प्रत्येक हुकमानंतर तुमच्या दिव्याची उघडझाप आधीच्याच वेगानं व्हायची, ती बघून मी पुढचा शब्द उच्चारायचो. हेही यापुढे गोष्टीत सांगितलं जावं.

लोक पांगल्यावर आम्रपालीनं मला फलकाजवळ नेलं. मी चौथी पट्टी चाचपली, पाचवी चाचपली आणि मधल्या लाकडावर हात ठेवून उभा राहिलो. तिनं घाई केली नाही. किसनच्या घरच्यांचा पत्ता तुमच्याकडे असेल तर कळवा, मला सोलापूरला जायचं आहे.

घरी परतताना गाडीत नबीला रडत होती. तिनं विचारलं की अब्बा, एवढी मोठी गोष्ट, तुम्ही आम्हाला कधीच का सांगितली नाही. मी म्हणालो, बेटी, मला तरी कुठे माहीत होती.

गुडघा सांभाळा. आता पत्ता बदलणार नाही, पत्र पाठवा, परत येणार नाही.
आपला,
अनिस मुकादम